त्रेसष्ट कंबरा क्लाउडवर

माझ्या कंबरेचं माप चौतीस आहे. ट्रेनिंग कॉलेजात होतो तेव्हा चौतीस होतं आणि भूगोलाचा शिक्षक म्हणून एकतीस वर्षं खडू झिजवून निवृत्त झालो तेव्हाही चौतीसच होतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत बायकांच्या कंबरांचा विषय वारंवार येणार आहे आणि त्या विषयावर बोलायचा मला काही एक अधिकार आहे, हे तुम्हाला कळलेलं बरं.

माझी बायको पोकुआ शिवणकाम करते. कुमासी शहरात, बान्तामा भागातल्या मोठ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे आणि त्यावर 'देवाची वेळच उत्तम – लेडीज फॅशन्स' अशी पाटी आहे. कपडे कधी मिळणार, असं कुणी घायकुतीला येऊन विचारलं की पोकुआ हातातली कात्री वर करून पाटी दाखवते. गेली बावीस वर्षं ती या पाटीच्या आधारानं धंदा करते आहे आणि गिऱ्हाईक तुटलेलं नाही. अख्खी बान्तामा तिला 'मॅडम' म्हणते. मला 'मॅडमचे मास्तर' म्हणते.

निवृत्तीनंतर मी दुकानात बसू लागलो. पोकुआनं मला मॅनेजर केलं. मॅनेजरची कामं अशी: वीज गेली की जनरेटर सुरू करणं, वीज आली की बंद करणं, आणि मोठी कटर फ्रेमा हिला कुणी उलट बोललं तर मध्ये पडणं. फ्रेमाला उलट बोलायची हिंमत कुणातच नसल्यामुळे तिसरं काम कधी आलं नाही. पाचशे मुलांना हवामानाचे पट्टे पाठ करायला लावणाऱ्या माणसाला हे फार थोडं होतं. आपण या धंद्यात काहीतरी भरीव करून दाखवलं पाहिजे, असं मला रोज सकाळी वाटे आणि दुपारच्या झोपेनंतर जास्तच वाटे.

संधी एका ट्रोट्रोमुळे, म्हणजे आमच्याकडच्या शेअर मिनीबसमुळे, आली. दुकान पुरेना म्हणून पोकुआनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, ताफोला, तिची बहीण कोनादू हिच्या घरात आणखी चार शिलाई मशीन टाकली होती. मापांची वही मात्र एकच. हिशेबाच्या चोपडीएवढी जाड, चारशे बायकांची छाती, कंबर, नितंब, बाही. ती सकाळी बान्तामाला आणि दुपारी ताफोला, अशी ट्रोट्रोच्या सीटवर बसून फिरायची. एक दिवस ती एकटीच पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर हरवलेल्या वस्तूंच्या कार्यक्रमात निवेदक म्हणाला की एक जाड वही मिळाली आहे, आत बायकांची नावं आणि पुढे आकडे आहेत, आकडे कसले ते काही कळत नाही, अर्ध्या तासात मालक आला नाही तर एकेक नाव आणि आकडा वाचून दाखवतो, म्हणजे ओळख पटेल. पोकुआ टॅक्सी करून पोचली तेव्हा रेडिओ स्टेशनच्या आवारात सात बायका आधीच हजर होत्या. एकीच्या केसांत रोलर होते, एकीचे हात केंकेसाठी भिजवलेल्या मक्याच्या पिठानं कोपरापर्यंत भरलेले होते, आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आंटी दुफी यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. सगळ्या जणी सहज स्टुडिओ बघायला आल्या होत्या म्हणे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या बान्तामात एखाद्या बाईला वय विचारलं तर ती हसून टाळेल, नवरा कुठे असतो विचारलं तर रागावेल, पण कंबरेचं माप विचारलंत तर तिचे भाऊ तुमच्या घरी येतील.

वही परत आली आणि त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या पंचाहत्तरीची ऑर्डर आली. त्रेसष्ट बायका, सगळ्यांचं कापड एक, निळ्यावर पिवळी कणसं. प्रत्येकीचा काबा, म्हणजे वरचा अंगासरशी बसणारा ब्लाउज, आणि खाली स्लिट, म्हणजे पायघोळ स्कर्ट. शिवाय उरलेल्या कापडातून त्यांच्या नवऱ्यांचे शर्ट. दिवस चाळीस. असं काम साधलं की पंधरा वर्षं नाव चालतं आणि बिघडलं की माणसं रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातात. समोरचं दुकान होतंच. 'रॉयल टच'ची मालकीण रोज दारात खुर्ची टाकून आमच्याकडे बघत बसायची. पोकुआनं रात्रीचं जेवण टाकलं. "मास्तर," ती म्हणाली, "या वेळी ती वही परत हरवली ना, तर मी दुकानाला कुलूप लावून गावी जाईन."

मी तिला म्हणालो, काळजी करू नकोस, मॅनेजर बसला आहे.

तर झालं असं की दोनच दिवसांपूर्वी एका हॉटेलात 'लहान उद्योग आणि क्लाउड' या विषयावर फुकट व्याख्यान होतं आणि जेवणही होतं. मी गेलो होतो. सेल्बी नावाचा एक तरतरीत गृहस्थ अंगापेक्षा लहान सूट घालून बोलत होता. त्याचं म्हणणं, तुमची वही आता घरात ठेवायची गरज नाही. ती कुठेतरी लांब मोठमोठ्या यंत्रांत राहील, तुम्ही फोन उघडलात की दिसेल, बान्तामाला दिसेल, ताफोला दिसेल, वीज गेली तरी जाणार नाही, चोर नेणार नाही, ट्रोट्रोत विसरणार नाही. कोंबडी खाता खाता माझ्या डोळ्यांसमोर पोकुआचा कृतज्ञ चेहरा उभा राहिला. मी तिथेच नाव नोंदवलं.

शेजारचे नाना बाफुओ हे वीजमंडळातून निवृत्त झालेले. आमच्या भागात वीज गेली की लोक अजून त्यांच्याच दारात येऊन ओरडतात, त्यामुळे यंत्र या गोष्टीविषयी त्यांना आकस आहे. त्यांना मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जागा पाहिलीस?"

"कसली जागा?"

"तू तुझ्या बायकोची वही ज्या ठिकाणी ठेवणार आहेस ती. नकाशा बघितलास? मालक एकच आहे ना? नाहीतर उद्या दुसरा कुणी येईल आणि म्हणेल, ही जमीन माझ्या आजोबांची, उचला इथून."

नानांचे जमिनीचे तीन दावे कोर्टात चालू आहेत, तेव्हा त्यांचा दृष्टिकोन मी समजू शकत होतो. मी म्हणालो की जागा युरोपात आहे, असं सेल्बी म्हणतो. यावर नाना खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे आमच्या बायकांच्या कंबरा युरोपात जाणार? व्हिसा न लागता? माझ्या पुतण्याला तीनदा नाकारला." मग त्यांनी सल्ला दिला की निदान जागेवर जिनचे चार थेंब शिंपडून पूर्वजांना सांगायला हवं, पण युरोपातल्या जागेवर इथून कसं शिंपडणार, हा प्रश्न सुटेना. जिन त्यांनीच आणली होती. ती आम्ही दोघांनी मिळून कारणी लावली.

सेल्बीच्या कंपनीकडून एक पत्र आलं. बायकांची खासगी माहिती साठवायची तर माहिती-नोंदणीचा सरकारी दाखला लागेल. आता मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, मला दाखल्यांचं भय नाही, असं म्हणून कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं माझं ओळखपत्र पाहिलं. त्यावर 'इमॅन्युएल ओटीबू'. दुकानाचा परवाना पाहिला. त्यावर 'क्वाबेना ओटीबू यांची पत्नी'. तो म्हणाला, हे दोन पुरुष दिसतात. मी म्हणालो, दोन्ही मीच, मंगळवारी जन्मलो म्हणून क्वाबेना आणि बाप्तिस्मा झाला म्हणून इमॅन्युएल. तो स्वतः शुक्रवारचा कोफी होता आणि त्याच्या छातीवर 'फ्रान्सिस' अशी पट्टी होती, तरी त्याला हे पटेना. मी कोर्टात जाऊन मी म्हणजे मीच आहे, असं शपथपत्र करून आणलं.

दुसऱ्या खेपेला अर्जातल्या नवव्या रकान्यापाशी तो थबकला. 'साठवायच्या माहितीचा प्रकार.' मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: बायकांच्या शरीराची मापं, अंदाजे चारशे. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि आतल्या खोलीतून दोन सहकाऱ्यांना बोलावलं. तिघांनी मिळून तो रकाना वाचला आणि मग तिघांनी मिळून मला पाहिलं. त्यातली एक बाई हळूच म्हणाली, "तुम्ही आधी शिक्षक होता ना?" त्या क्षणी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. शेवटी मॅडम पोकुआचं नाव निघालं आणि त्या बाईचा चेहरा बदलला. तिचा लग्नाचा काबा आमच्याकडेच शिवलेला होता. तिनं स्वतः शिक्का मारला आणि शिक्का मारता मारता खाली वाकून विचारलं, "माझंही माप आहे का हो त्यात?" मी आहे म्हणालो. तिनं शिक्का पुन्हा एकदा, जरा जास्त जोरात मारला.

मग मी कामाला बसलो. दुकानाच्या मागच्या खोलीत, वही डावीकडे, कॉम्प्युटर उजवीकडे, अकरा दिवस. टायपिंग मी दोन बोटांनी करतो, पण अचूक करतो. पहिल्याच दिवशी यंत्रानं हात वर केले, कारण एका नावाची एकच नोंद ते घेतं आणि वहीत चौदा अकोसुआ होत्या. रविवारी जन्मलेल्या मुलीचं दुसरं नाव काय ठेवणार? मी पोकुआला हाका मारून विचारत होतो आणि ती बाहेरून कापड कापता कापता उत्तरं देत होती. ही बकरीवाली अकोसुआ, ही जिचा नवरा इटलीत ती, ही चर्चमध्ये घोरते ती. मी जसंच्या तसं घातलं. नोंद कशी स्वच्छ आणि नि:संदिग्ध पाहिजे.

वही मात्र स्वच्छ नव्हती. पानांवर पामतेलाचे डाग, खडूची भुकटी, आणि आकड्यांच्या शेजारी माशांनी केलेले बारीक काळे ठिपके. दुकानाला लागून तळलेल्या केळ्यांची गाडी आहे, त्यामुळे माशांना तोटा नाही. शेवटच्या पानावर, जिथे घरच्या माणसांची मापं होती, तिथे तर त्यांनी ठाण मांडलं होतं. मी मनाशी म्हणालो, बघा, बावीस वर्षं या अस्वच्छतेवर धंदा चालला. ठिपके वगळून आकडे तेवढे उचलले. काम संपल्यावर मी ते बान्तामाला फ्रेमाच्या फोनवर आणि ताफोला कोनादूच्या फोनवर उघडून दाखवलं. एकाच वेळी दोन्हीकडे आंटी दुफी, कंबर छत्तीस. फ्रेमा अर्धा मिनिट फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे की." फ्रेमाकडून इतकं कौतुक ऐकायला लोक आयुष्य घालवतात.

पोकुआनं वही बासनात बांधून कपाटात ठेवली. त्रेसष्ट काबा दोन्हीकडे फोन बघून कापले गेले, निम्मे इथे, निम्मे तिथे, एकही खेप न घालता. समोरची 'रॉयल टच'वाली खुर्चीतून उठून आत गेली. जेवताना पोकुआ म्हणाली, "मास्तर, तुम्ही खरंच काम केलंत." तेहतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी फुफूवर, म्हणजे कुटलेल्या कंदांच्या गोळ्यावर, दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं.

इथे थांबायला हवं होतं. पण आंटी दुफींनी फोनवरून विचारलं की मंडळातल्या कुणाकुणाची मापं दिलेली आहेत त्यांची यादी पाठवा. मी म्हणालो, यादी कशाला, आत्ता देतो, आणि क्लाउडचा पत्ता मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्रेसष्ट बायकांच्या. ज्याच्याकडे पत्ता त्याला सगळं दिसेल, ही सोय मीच ताफोच्या मुलींसाठी करून ठेवली होती.

चूक कळली तेव्हा चाळीस जणींनी उघडून पाहिलं होतं. मी पोकुआला काही बोललो नाही. दुकानाची मागची खिडकी उघडी आहे ना, हे तेवढं पाहून ठेवलं. दुपारभर चिडीचूप. त्या शांततेत मी माझ्या पश्चात पेन्शन कुणाला मिळेल, याचा विचार करत होतो.

चारच्या सुमारास आंटी दुफी आल्या. मागे पाच-सहा बायका. मी उभा राहिलो. आंटींच्या हातात मोठा रताळ्यासारखा गराडू होता आणि तो त्या माझ्या डोक्यात घालणार, असंच मला वाटलं. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"मास्तर, हे तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "माझी नणंद वीस वर्षं सगळीकडे सांगत फिरते की दुफीला बाकाची दोन माणसांची जागा लागते. आज तिच्या फोनवरही गेलं ते. छत्तीस. सरकारी शिक्क्यानिशी."

मग बाकीच्या बोलल्या. प्रत्येकीला कुणी ना कुणी नणंद, जाऊ किंवा शेजारीण होती आणि प्रत्येकीच्या बाजूनं आता युरोपातलं यंत्र उभं होतं. कुणी केळीचा घड ठेवला, कुणी अंडी. तक्रार एकच आली. चर्चमध्ये घोरणाऱ्या अकोसुआ आल्या आणि म्हणाल्या की आकडा उत्तम आहे, पण मी घोरत नाही, डोळे मिटून प्रार्थना करते. मी त्यांना 'खांबाजवळ बसणाऱ्या' असं केलं. दोन दिवस मी बान्तामाच्या रस्त्यानं चाललो की बायका उठून उभ्या राहत. पोकुआ मात्र अंडी मोजता मोजता माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होती. "कुठला आकडा पाहून एवढ्या खूश झाल्यात या?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तुझ्याच वहीतला.

पंचाहत्तरीला दहा दिवस असताना कपडे अंगाला लावून बघायचा दिवस आला. पहिली मानाची आंटी दुफी. पडद्याआड गेल्या. आतून फ्रेमाचा "श्वास सोडा" असा आवाज आला, मग "अजून सोडा", मग बराच वेळ काहीच नाही. पडदा बाजूला झाला. निळ्या कापडावरची पिवळी कणसं इतकी ताणली गेली होती की त्यांची केळी झाली होती, आणि पाठीवर हुकाच्या दोन बाजूंमध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. दुसरी तशीच. तिसरीच्या बाहीतून हातच वर येईना.

पोकुआनं माझ्या हातातला फोन घेतला. वाचला. बोटानं खाली सरकवला, परत वर आणला.

"मास्तर, ठिपके कुठायत?" ती म्हणाली.

"कसले ठिपके? माशांचे?"

तिनं मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बासन सोडलं, आंटी दुफींचं पान काढलं आणि छत्तीसच्या पुढचे पाच ठिपके मला बोटानं एकेक करून दाखवले. "एक ठिपका म्हणजे एक इंच," ती म्हणाली. "टेपवर येतं एक्केचाळीस. मी मोठ्यानं म्हणते छत्तीस, तिच्यासमोर लिहिते छत्तीस. मग पेन चालतंय का बघितल्यासारखं करते. बावीस वर्षांत मी कुठल्या बाईला तिचा खरा आकडा सांगितला नाही, आणि कुठल्या बाईला घट्ट कपडा दिला नाही. दोन्ही एकदम जमतं म्हणून त्या समोरच्या दुकानात जात नाहीत."

फ्रेमाला हे माहीत होतं. तिला बोलावलं. ती म्हणाली, "मला वाटलं यंत्रानं ठिपके आत मिळवूनच आकडा काढला. बेरीज आपोआप होते म्हणाले ना मास्तर. आणि मंडळाचा एकवीस दिवसांचा उपास चालू होता. म्हटलं, उतरल्या असतील."

पोकुआ स्टुलावर बसली. तिचे हात मांडीवर तसेच पडून होते. बावीस वर्षांत मी ते रिकामे पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं आणि फार लाजही वाटली. जिच्या हुशारीवर घर चाललं तिच्या हुशारीला मी माशांची घाण समजलो होतो. मी म्हणालो की बाहेर जाऊन सगळ्यांना खरं सांगतो, चूक माझी आहे. "काय सांगणार?" ती म्हणाली. "की छत्तीस खोटे आहेत?"

तेवढ्यात बाहेरून आंटी दुफींचा आवाज आला. त्या त्याच अवस्थेत, पाठीवर टॉवेल टाकून, बाकीच्यांसमोर उभ्या होत्या. त्यांनी फोनवरचा आकडा पाहिला, आरशात स्वतःला पाहिलं, आणि अध्यक्षांना शोभेल अशा ठाम स्वरात म्हणाल्या, "कापड आटलंय."

मग खांबाजवळच्या अकोसुआ म्हणाल्या, हो, मला हातात घेतल्यावरच वाटलं होतं. मग बकरीवाल्या. मग सगळ्याच. आकडा गावभर झालेला, नणंदांनी वाचलेला. काबा चुकला म्हणायचं तर आकडा चुकला म्हणावं लागणार. त्रेसष्ट बायकांपैकी एकीनंही पोकुआकडे बोट दाखवलं नाही. एका मतानं ठरलं की हल्लीच्या गिरण्या कापडात लबाडी करतात, आणि गिरणीला खरमरीत पत्र गेलं पाहिजे. पत्र कोण लिहिणार? मास्तर. शिकलेला माणूस.

मी ते पत्र लिहिलं. मुलांना एकतीस वर्षं खरं बोलायला शिकवलेल्या हातानं 'आपल्या कापडाच्या अक्षम्य आकुंचनामुळे' असं लिहिलं. किती इंच आटलं, असा रकाना मी ठेवला होता. आंटी दुफी म्हणाल्या, आकडे नकोत, नुसतं 'बरंच' लिहा. पत्र टाकायला पोकुआकडे दिलं. ते अजून तिच्या मशीनच्या खणात आहे.

पोकुआ मात्र एव्हाना उठली होती. नवऱ्यांच्या शर्टांचं कापड अजून कापलेलं नव्हतं. तिनं ते सगळं बाहेर काढलं आणि त्याच्या उभ्या पट्ट्या पाडल्या, कुणाला पाच इंचांची, कुणाला तीन. दोन्ही बगलांत अशा बेमालूम बसवल्या की कणसाला कणीस जुळलं. ताफोची मशीन आणि बान्तामाची मशीन नऊ दिवस थांबली नाहीत. जनरेटर मी सांभाळला. या वेळी मापं तिनं वहीतून स्वतः वाचून सांगितली, कुणाला फोनला हात लावू दिला नाही.

पंचाहत्तरीच्या रविवारी त्रेसष्ट बायका निळ्या-पिवळ्या रांगेत चर्चमध्ये शिरल्या आणि वाकल्या, बसल्या, नाचल्या, कुठे एक टाका उसवला नाही. नवरे मागच्या बाकांवर आपापल्या जुन्या पांढऱ्या शर्टांत बसले होते. नाना बाफुओ माझ्या कानाशी म्हणाले, "मी सांगितलं होतं. जागा न बघता वस्तू ठेवली. माझा शर्ट गेला." 'रॉयल टच'वाली बाहेर आंटी दुफींना थांबवून म्हणाली की काय बसलाय काबा. आंटी म्हणाल्या, छत्तीसला बसणारच.

सोमवारी मी दुरुस्तीला बसलो. प्रत्येक आकड्यात ठिपके मिळवून खरं माप घालायचं. पोकुआ मागे येऊन उभी राहिली. "हात लावू नका त्याला," ती म्हणाली. "तिथे आहे तेच छान आहे." मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पुढे अजून एक रकाना निघतो का? त्याला 'बटणं' म्हणा. बाई बघेल, तिला वाटेल मागे बटणं किती लावायची ते लिहिलंय."

मी चाट पडलो. सेल्बीच्या व्याख्यानात हे कुठेच नव्हतं. आम्ही दोघं बसलो, ती वही वाचत होती आणि मी घालत होतो. आंटी दुफी, कंबर छत्तीस, बटणं पाच. इटलीवाल्याची अकोसुआ, कंबर बत्तीस, बटणं चार. नोंदणी कार्यालयातली बाई, कंबर तीस, बटणं सहा. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शेवटच्या पानापाशी येऊन ती थांबली आणि वही मिटू लागली.

"घरच्यांचं राहू दे," ती म्हणाली. "कोण बघतंय."

"असं कसं? पद्धत म्हणजे पद्धत," मी म्हणालो. "ओटीबू मास्तर, कंबर चौतीस. बोल, बटणं?"

ती दोरा ओवल्यासारखं करून मशीनकडे बघत राहिली.

"सात," ती म्हणाली.

बेरीज मला येते. चौतीस आणि सात. माझी आणि आंटी दुफींची कंबर एकच निघाली. ट्रेनिंग कॉलेजापासून जी पँट मला हातमोज्यासारखी बसायची, ती दर सणाला, दर बढतीला, दर फुफूच्या गोळ्याला माझ्या नकळत कुणीतरी सैल करत आलं होतं. मला एकदम गहिवरून आलं आणि ते लपवायला मी चष्मा पुसला. मी रकान्यात सात लिहिले आणि कॉम्प्युटर बंद केला.

जेवताना तिनं मला फुफूचा गोळा नेहमीएवढाच वाढला. मी तो सगळा खाल्ला.